विषमता मोजायची कोणत्या मापाने?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने एक निवेदन प्रसृत केले. जगातील सर्वाधिक समता असलेल्या देशांत भारताचा क्रमांक चौथा लागतो, असे त्यात म्हटले होते. आपल्या पुढे फक्त स्लोव्हाक प्रजासत्ताक, स्लोव्हेनिया आणि बेलारूस हे तीन देश. या दाव्याला आधार होता जागतिक बँकेच्या एका आकड्याचा : भारताचा गिनी गुणांक २५.५. आपल्यापैकी अनेकांनी ही बातमी वाचून हसण्यावारी नेली असेल. परंतु उपहास हे आकड्याला उत्तर होत नाही. २५.५ हा आकडा खोटा नाही. तो कशाचे माप आहे आणि कशाचे नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. हे ज्याला सांगता येत नाही, त्याने सभेत विषमतेवर बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून आज घोषणा बाजूला ठेवून मापांचा थोडा विचार करू.

मोजमापाचा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरविले आणि तुरुंगातल्या कैद्याच्या पोटाला सरकार जे खर्च करते त्याच्याशी त्याची तुलना मांडली. ब्रिटिश राज्याला तो आकडा झोंबला, कारण तो सरकारच्याच कागदांतून काढलेला होता. परंतु तो सरासरीचा आकडा होता. सावकार, जमीनदार, संस्थानिक आणि शेतमजूर यांची त्यात एकच बेरीज होती. देश गरीब आहे हे त्याने सिद्ध केले. देशात कोण गरीब आणि कोण श्रीमंत, हे सांगणे त्या आकड्याला शक्य नव्हते.

ते काम पुढे १९६३ साली लोकसभेत घडले. राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत निवडून येऊन नुकतेच सभागृहात आले होते. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी म्हटले. पंतप्रधान नेहरूंचे उत्तर होते पंधरा आणे. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी तळच्या साठ टक्क्यांसाठी साडेसात आण्यांचा आकडा दिला. तीन की पंधरा, या वादाची आठवण आपण अभिमानाने काढतो. पण त्यातला खरा धडा साडेसात या आकड्यात आहे. दोन्ही सरकारी आकडे एकाच पायावरचे मानले, तर साठ टक्के जनता सरासरीच्या निम्म्यावर जगत होती. म्हणजे शंभरातील साठ माणसांच्या वाट्याला शंभरातील तीस आणि उरलेल्या चाळिसांच्या वाट्याला सत्तर. वरच्या चाळिसांचे दरडोई प्रमाण सव्वीस आण्यांच्या आसपास भरते. सरकारने लोहियांचे तीन आणे नाकारले, पण नाकारताना सरासरी म्हणजे जनता नव्हे, हे मान्य करून टाकले.

याच काळात, वाढलेले राष्ट्रीय उत्पन्न नेमके गेले कुठे, हे शोधण्यासाठी १९६० मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६४ मध्ये आला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही कसोटी लावून, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक त्या रेषेखाली होते, असे त्यांनी दाखवले. यानंतरची अनेक वर्षे आपली सगळी चर्चा या रेषेभोवती फिरली. दारिद्र्याची रेषा ही तळाकडे पाहते. ती ओलांडलेला मनुष्य आणि त्याच्या वर शिखरावर बसलेला मनुष्य यांच्यात काय अंतर आहे, याबद्दल ती काहीच बोलत नाही. दारिद्र्य घटत असतानाही विषमता वाढू शकते. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की चर्चेचा घोळ होतो.

आता गिनी गुणांक. इटालियन सांख्यिकीतज्ज्ञ कोर्राडो गिनी यांनी १९१२ मध्ये तो मांडला. सर्वांना सारखे मिळत असेल तर गुणांक शून्य. सगळे एकाच्याच हाती असेल तर एक. काही संस्था शंभराच्या पटीत छापतात, म्हणून ०.२५५ चे २५.५ होतात. एवढ्यापर्यंत सोपे आहे. पण ‘मिळणे’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. मिळकत, खर्च की मालमत्ता?

एक उदाहरण घेऊ. गावात शेतमजुराचे एक घर आहे. महिन्याची मिळकत दहा हजार, खर्च अकरा हजार. वरचे हजार उसनवारीचे किंवा बचत गटाच्या कर्जाचे. त्याच गावात एका ठेकेदाराचे घर आहे. मिळकत एक लाख, खर्च तेहतीस हजार. उरलेल्या सदुसष्ट हजारांची जमीन होते, सोने होते, शहरात सदनिका होते. मिळकत मोजली तर एकास दहा असे अंतर. खर्च मोजला तर एकास तीन. मजुराचे कर्ज आणि ठेकेदाराची बचत, दोन्ही मिळून विषमतेचा आकडा खाली ओढतात. मजूर जितका अधिक कर्जात बुडेल, तितका आपला समाज कागदावर अधिक समतापूर्ण दिसेल.

जागतिक बँकेचा २५.५ हा आकडा खर्चाचा आहे. तो २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीवर आधारलेला आहे. भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून खर्च मोजत आली. मिळकत मोजण्याचे प्रयोगही झाले, परंतु लोकांनी सांगितलेली मिळकत ही त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरू लागली आणि ते काम मागे पडले. अडचण खोटी नव्हती. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामाचे, मजुराचे रोजंदारीचे, फेरीवाल्याचा हिशेब खिशात. बियाणे, खत, घरचे धान्य, घरच्यांचे श्रम यांची वजाबाकी करून निव्वळ मिळकत सांगा म्हटले, तर चांगला शिकलेला माणूसही गोंधळेल. खर्च त्या मानाने सांगता येतो. आशिया आणि आफ्रिकेतील बऱ्याच देशांनी म्हणूनच खर्चाचा मार्ग धरला. लॅटिन अमेरिकेतील देश मात्र प्रामुख्याने मिळकत मोजतात. ब्राझीलचा गुणांक ५२ च्या आसपास आणि आपला २५.५ असे दोन आकडे शेजारी ठेवले, तर आपण ब्राझीलच्या निम्मे विषम ठरतो. हे गजाने मोजलेले कापड आणि शेराने मोजलेले धान्य यांची तुलना करण्यासारखे आहे.

जागतिक बँकेला हे ठाऊक होते. ज्या टिपणात २५.५ हा आकडा आहे, त्याच टिपणात सामग्रीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असण्याची शक्यता नोंदवली आहे. मिळकतीच्या विषमतेचा गुणांक २००४ मधील ५२ वरून २०२३ मध्ये ६२ झाल्याचा जागतिक विषमता माहितीकोशाचा अंदाजही तिथेच दिला आहे. सरकारी निवेदनाने त्यातला पहिला आकडा उचलला, दुसरा ठेवून दिला.

परंतु साथींनो, आपणही फक्त दुसरा उचलून मोकळे होऊ नये. ६२ हा आकडा कुणी घरोघर फिरून मोजलेला नाही. प्राप्तिकराची विवरणे, नमुना पाहण्या आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब यांची गृहीतकांच्या आधारे जोडणी करून तो काढलेला आहे. आपल्याकडे विवरण भरणारे लोकसंख्येच्या मानाने थोडे, आणि शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त. त्यामुळे अंदाजाला जागा राहतेच. तसेच २५.५ च्या मागेही काही वास्तव आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य, पोहोचलेली वीज, रस्ते, तळच्या घरांच्या खर्चातली वाढ, हे सर्व नाकारणारा कार्यकर्ता गावात एका दिवसात उघडा पडेल. तळाच्या ताटात काही पडले, आणि शिखरावर त्याहून कितीतरी अधिक साचले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

शिखर पाहणीला दिसत नाही, याचे कारण साधे आहे. नमुना पाहणीचा प्रगणक झोपडीत सहज जातो, उंच इमारतीच्या फाटकावर त्याला अडवले जाते. शिवाय अतिश्रीमंत घरे इतकी थोडी, की नमुन्यात ती सापडणे हाच योगायोग. म्हणून अभ्यासक कराच्या नोंदींकडे वळले. लुकास शान्सेल आणि तोमा पिकेटी यांनी १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यापासूनची आकडेवारी जुळवून दाखवले, की वरच्या एक टक्क्याचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुमारे २१ टक्के होता. १९८० च्या सुमारास तो ६ टक्क्यांपर्यंत उतरला आणि पुन्हा चढत गेला. २०२४ मधील पुढच्या अभ्यासात २०२२-२३ साठी हा वाटा २२.६ टक्के, तर संपत्तीतील वाटा ४०.१ टक्के आला. या अंदाजांवर अर्थशास्त्रज्ञांचे मतभेद आहेत, पण उतार आणि चढाव यांची दिशा फारशी वादग्रस्त नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कर रद्द झाला की त्याबरोबर नोंदही जाते. वारसा संपत्तीवरील कर १९५३ मध्ये आला, १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. प्राप्तिकराची सविस्तर आकडेवारी १९९९-२००० नंतर प्रसिद्ध होणे थांबले आणि २०१६ मध्येच पुन्हा सुरू झाले. जागतिकीकरणाच्या ज्या काळात वरचा थर सर्वांत वेगाने फुगला, नेमका तोच काळ अंधारात राहिला. पुढे २०१७-१८ ची उपभोग खर्च पाहणी झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने तिचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. सामग्रीचा दर्जा बरोबर नाही, हे कारण दिले गेले. दर्जा बरोबर नसेल तर तो अभ्यासकांपुढे ठेवून चर्चा व्हायला हवी होती. मोजलेले लपवणे हा दर्जा सुधारण्याचा मार्ग नव्हे.

आणखी एक बारकावा. गिनी गुणांक सापेक्ष आहे. एकाची मिळकत दहा हजार आणि दुसऱ्याची एक लाख असेल, आणि दोन्ही दुप्पट झाल्या, तर गुणांक तसाच राहतो. पण अंतर नव्वद हजारांवरून एक लाख ऐंशी हजारांवर जाते. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ सर्ज-क्रिस्तोफ कोल्म यांनी १९७६ मध्ये सापेक्ष मापांना उजवे आणि निरपेक्ष मापांना डावे असे नाव दिले होते. सर्वांना सारख्या टक्क्यांची पगारवाढ आणि सर्वांना सारख्या रुपयांची पगारवाढ यांतला फरक कामगार चळवळीतल्या लोकांना शिकवावा लागत नाही. मापाची निवड हीच एक राजकीय निवड असते, हे यातून कळावे.

आणि माप घराच्या उंबरठ्यावर थांबते. पाहणीत घराचा खर्च मोजतात आणि डोक्यांनी भागतात. सर्वांच्या शेवटी जेवणारी सून आणि सर्वांच्या आधी जेवणारा सासरा कागदावर समान ठरतात. स्त्रीच्या वाट्याची विषमता अशा रीतीने गुणाकार-भागाकारातच नाहीशी होते.

मिळकत मोजता येत नाही, असे म्हणणारे शासन रोजच्या कारभारात मात्र ती मोजल्याचे दाखवत असते. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या : वार्षिक पंधरा हजारांपर्यंत पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर शुभ्र. इतर मागासवर्गीयांतील उन्नत गटासाठी २०१७ मध्ये आठ लाखांची मर्यादा ठरली. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणालाही तोच आठ लाखांचा आकडा लागला. आठ लाखांखाली देशातली किती कुटुंबे येतात, हे सांगणारी अधिकृत देशव्यापी उत्पन्न पाहणी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. निर्णय झाला तो तहसील कार्यालयातल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि तो दाखला कसा मिळतो हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. नोकरदाराचा पगार पावतीवर छापलेला असतो, त्याला सुटका नाही. आडत्याचा आणि ठेकेदाराचा दाखला हवा तितका खाली येतो.

आता गतिशीलतेकडे वळू. विषमता म्हणजे शिडीच्या पायऱ्यांमधले अंतर. गतिशीलता म्हणजे खालच्या पायरीवर जन्मलेल्याला वर चढता येते की नाही. आपल्याकडे या प्रश्नाला जातीची धार आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते, की जातिव्यवस्था केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी करते, आणि तीही एकावर एक चढवलेल्या पायऱ्यांत. उतरंडीतले मडके आपली जागा स्वतः बदलू शकत नाही. प्रश्न असा, की स्वातंत्र्यानंतर ही उतरंड किती हलली?

मोजायला गेले की पुन्हा अडचणी. बापाची मिळकत तीस वर्षांपूर्वीची, ती कुणी लिहून ठेवली? म्हणून अभ्यासक शिक्षण आणि व्यवसाय यांचा आधार घेतात. परंतु जुन्या पिढीत निम्म्याहून अधिक बाप शाळेतच गेलेले नव्हते. भूमिहीन आणि अल्पभूधारक, दोघेही ‘निरक्षर’ या एकाच खान्यात जातात, आणि मग तळ नेमका कोणता हेच कळत नाही. दुसरे असे, की अनेक पाहण्यांत फक्त एका घरात राहणाऱ्यांची नोंद होते. वेगळा झालेला मुलगा सुटतो आणि सासरी गेलेली मुलगी तर जवळजवळ नेहमीच सुटते. निम्मा समाज गतिशीलतेच्या हिशेबातून असा बाहेर राहतो.

तिसरी अडचण अधिक खोल आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात इमारतीवर पहारेकरी झाला. व्यवसायाच्या तक्त्यात तो शेतीतून सेवाक्षेत्रात गेला, म्हणजे वर चढला. बापाकडे निदान पाच एकर आणि गावात नाव होते. मुलाकडे बारा तासांची पाळी आणि ठेकेदाराची मर्जी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली. त्या कामगारांची मुले बापापेक्षा अधिक शिकली. पण कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि संघटना हे बापाला मिळालेले त्यांतल्या कितीजणांना मिळाले? शिक्षणाच्या मापाने ती वर गेली, सुरक्षिततेच्या मापाने खाली आली.

हे सर्व ध्यानात घेऊन सॅम अॅशर, पॉल नोव्होसॅड आणि चार्ली रॅफकिन या अर्थशास्त्रज्ञांनी शिक्षणातील स्थानाच्या आधारे पिढ्यांची तुलना केली. शिक्षण सर्वांचेच वाढले, पण तळच्या अर्ध्यात जन्मलेल्या मुलाचे वर चढण्याचे प्रमाण एकूण देशात फारसे बदललेले नाही, असे त्यांना आढळले. मात्र या स्थिर सरासरीच्या पोटात दोन उलट प्रवाह आहेत. अनुसूचित जाती-जमातींची गतिशीलता वाढली, मुसलमानांची घटली. पहिल्या प्रवाहामागे राखीव जागा, शाळा आणि चळवळ यांचा हात आहे, असे मी मानतो. दुसऱ्या प्रवाहाविषयी आपला पक्षही फार काळ मौन बाळगून आहे. सरासरीने दोन्ही झाकले. १९६३ चा धडा इथे पुन्हा लागू पडतो.

काही जण म्हणतात, विषमता असू द्या, संधी खुली असली म्हणजे झाले. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये, विकासाबरोबर विषमता आधी वाढेल आणि मग आपोआप ओसरेल, असा तर्क मांडला होता. त्यात अनुमानाचा भाग फार मोठा असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले होते, पण आपल्या नियोजनकारांतील अनेकांनी तो सिद्धान्त म्हणून घेतला. उलट माइल्स कोराक यांनी अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवले, की जिथे पायऱ्यांमधले अंतर जास्त, तिथे चढणारेही कमी. हे सहसंबंधाचे विधान आहे, कार्यकारणाचे नव्हे. तरी त्यामागची यंत्रणा आपल्या डोळ्यांपुढे आहे. शिकवणीची फी, खासगी महाविद्यालयाची देणगी, आजारपणात विकलेली जमीन. संधीची किंमत पैशात मोजली जाऊ लागली, की विषमता हीच संधीची वाटणी करते.

म्हणून कार्यकर्त्यांसाठी एवढेच सुचवतो. कोणताही आकडा ऐकला की विचारा : मिळकत, खर्च की मालमत्ता? माणूस मोजला की घर? वरचे घर पाहणीत सापडले का? आधीच्या पाहणीची पद्धत हीच होती का? २०२२-२३ ची पद्धत २०११-१२ पेक्षा बदललेली असल्याने शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दुसरे, सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये पहिल्या देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणीची घोषणा केली आणि त्यासाठी २०२६ हे वर्ष सांगितले. तिचे निष्कर्ष अनुकूल असोत की प्रतिकूल, नावे वगळून सर्व सामग्री ठरल्या मुदतीत खुली व्हावी, ही मागणी आपण आतापासून लावून धरली पाहिजे. तिसरे, ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातनिहाय नोंदीचा निर्णय जाहीर केला. पण नुसती डोकी मोजून भागणार नाही. जातीपुढे जमीन, व्यवसाय, शिक्षण आणि घर यांचे तक्ते छापले गेले, तरच उतरंड किती हलली ते कळेल. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली जातींची आकडेवारी कधी बाहेर आलीच नाही, हे विसरू नका. चौथे, संपत्ती आणि वारसा यांवरील कराची आपली मागणी केवळ महसुलासाठी नाही. संपत्ती कुणाकडे आहे याची अधिकृत नोंद त्यातूनच निर्माण होते.

विषमता अन्यायकारक आहे, हे सांगायला आकडा लागत नाही. भुकेल्याला आपली भूक गुणांकाने कळत नाही. परंतु कोणाचे किती घ्यायचे आणि कोणाला किती द्यायचे, हे ठरवताना आकड्यावाचून गत्यंतर नसते. जो पक्ष राज्य चालवू इच्छितो त्याला हे टाळता येणार नाही. आपले विरोधक सोयीचे माप निवडतात म्हणून आपणही सोयीचे माप निवडले, तर लोक दोघांवरही विश्वास ठेवणार नाहीत. लोहियांचे तीन आणे टिकले, कारण त्यांनी सरासरीच्या मागे दडलेल्या माणसांची विभागणी मागितली होती. तीच मागणी आजही करायची आहे, आणि ती करण्याआधी आपला हिशेब चोख ठेवायचा आहे.